किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि जरा चिडूनच लिहितोय. घरच्यांना अर्धी गोष्ट फोनवर कळली आहेच. (सांगलीच्या काकांना तर दीड गोष्ट कळली. त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर गाडीने पेट घेतला होता!) म्हणून एकदा नीट सांगून टाकतो. आग वगैरे काही लागली नाही. गाडीची पुढची डिकी उघडत नव्हती, एवढंच. पण त्या डिकीत आईचा पासपोर्ट होता आणि तिच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या होत्या.

आमची गाडी विजेची. कंपनीचं नाव घेत नाही, कारण माझं भांडण एका कंपनीशी नाहीये, एका खोडीशी आहे. विजेच्या गाडीत पुढे इंजिन नसतं, म्हणून बॉनेटखाली रिकामी जागा उरते आणि तिथे एक छोटी डिकी करून देतात. इथे न्यू जर्सीत सगळे तिला 'फ्रंक' म्हणतात. मला हा शब्द अजिबात आवडत नाही, पण असो. ही डिकी उघडायला बाहेरून किल्लीचं भोक नाही, आत खटका नाही. स्क्रीनवरचं बटण दाबा, नाहीतर फोनवरून उघडा. गाडी घेतली तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला मी हे कौतुकाने दाखवायचो.

तर झालं असं. आई चार महिने आमच्याकडे होती. संक्रांतीला तिला घरी पोचायचं होतं. रविवारी रात्रीचं विमान. बर्फाचा अंदाज होता म्हणून शनिवारी रात्रीच सामान गाडीत भरलं. मोठ्या बॅगा मागे, आणि आईची खांद्याला लावायची पिशवी मी मुद्दाम पुढच्या डिकीत ठेवली. "आई, इथून कोणाच्या बापाला काढता येणार नाही," हे माझे शब्द. बायको अजून ते वाक्य माझ्याच आवाजात म्हणून दाखवते.

सकाळी सातला आई म्हणाली, "अरे, त्या पिशवीत माझ्या गोळ्या राहिल्या. तेवढ्या आणून दे."

बाहेर गेलो. किल्लीचं बटण दाबलं, काही नाही. फोन काढला. फोन म्हणाला गाडी सापडत नाही. गाडी माझ्यासमोर चार फुटांवर उभी! किल्लीच्या आत लपवलेलं लोखंडी पातं असतं, ते काढून ड्रायव्हरचं दार उघडलं (हा एक शहाणपणा त्यांनी शिल्लक ठेवला होता). आत स्क्रीन काळी ठिक्कर. स्क्रीन नाही म्हणजे डिकीचं बटण नाही. पुस्तिका बघावी म्हटलं, तर पुस्तिका त्या स्क्रीनमध्येच. समोरच्या कप्प्यात काही कागद असतील असं वाटलं, तर तो कप्पासुद्धा स्क्रीनवरूनच उघडतो.

आता तुम्ही म्हणाल, रात्रभर चार्ज केली नव्हती का? केली होती. ऐंशी टक्के भरलेली होती. गंमत पुढेच आहे.

ज्यांच्याकडे अशी गाडी नाही त्यांच्यासाठी सांगतो. विजेच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, खाली जमिनीलगत, चाकं फिरवणारी. आमच्या गाडीत ती साधारण सत्तर युनिटची आहे. दुसरी तुमच्या-आमच्या जुन्या गाड्यांसारखी १२ व्होल्टची, जेमतेम अर्ध्या युनिटची. दिवे, कुलपं, काचा, स्क्रीन, कॉम्प्युटर, सगळं या धाकटीवर चालतं. गाडी उभी असताना सुरक्षिततेसाठी मोठ्या बॅटरीचं कनेक्शन तोडलेलं असतं, आणि ते परत जोडणारा रिले ओढायलाही धाकटीच लागते. म्हणजे धाकटी मेली की थोरलीत सत्तर युनिट वीज असून उपयोग शून्य. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली आणि नळाला थेंब नाही, तसं. चार्जर लावून बघावं तर चार्जिंगचं झाकणही उघडेना. धक्का मारून चालू करणं वगैरे तर विसराच.

आणि ही धाकटी बसवलेली कुठे असते? पुढच्या डिकीच्या तळाशी, झाकणाखाली.

परत एकदा वाचा. डिकी उघडायला बॅटरी पाहिजे. बॅटरी डिकीत आहे.

वरून आणखी एक. बॅटरी उतरली तर हाताशी असावा म्हणून मी छोटा जंप स्टार्टर विकत घेऊन ठेवला होता. कुठे ठेवला होता ते सांगायला हवं का? :)

आईला बाहेर येऊन दाखवलं. ती शाल गुंडाळून उभी, पायात माझे मोठे बूट. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. हे केलं कोणी? त्याच्या घरी कपाट नाही का?"

मग मदतीच्या नंबरवर फोन केला. पंधरा मिनिटं संगीत ऐकलं. पहिल्या मुलाने सांगितलं, अ‍ॅपमधून उघडा. म्हटलं बाबा रे, गाडीच मेली आहे, अ‍ॅप कोणाशी बोलणार? दुसरीने सांगितलं, स्क्रीनवरच्या पुस्तिकेत सगळं दिलं आहे. तिसरा निदान खरं बोलला: रविवार आहे, टो ट्रक यायला पाच तास लागतील, गाडी सर्व्हिस सेंटरला जाईल आणि ते सोमवारी उघडेल. मी म्हटलं आत माझ्या आईचा पासपोर्ट आहे. तो म्हणाला, "आय अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन." यावर काय बोलणार?

सुटका कशी झाली ते ऐका. लेकीने फोनवर त्याच पुस्तिकेची पीडीएफ शोधून काढली. शोधताना तिला माहीत होतं की 'डिकी उघडणे' या प्रकरणात ते नसणार, म्हणून तिने थेट 'वीज नसताना' असं काहीतरी शोधलं. पुढच्या बंपरवर टोचनाचा हूक अडकवायला एक गोल टोपण असतं. ते दाबून काढलं की आत दोन वायरी गुंडाळून ठेवलेल्या, एक लाल, एक काळी. त्यांना बाहेरून १२ व्होल्ट दिले की डिकीचा खटका सुटतो. समोरचे आजोबा निवृत्त इलेक्ट्रिशियन. त्यांच्याकडे जंप स्टार्टर होता, आणि तो त्यांच्या गराजमध्ये खिळ्याला टांगलेला होता. लाल लालला, काळा काळ्याला. खट् असा आवाज आला आणि डिकी वर आली. टोपण काढल्यापासून एकूण चार मिनिटं.

आईने साडेदहाला सकाळची गोळी घेतली. आम्ही तिला बायकोच्या पेट्रोलच्या गाडीतून विमानतळावर सोडलं. माझी गाडी तोवर चालू झाली होती (आतल्या धाकटीला बाहेरून वीज देऊन), पण आई म्हणाली, "नको रे बाबा."

झालं, गोष्ट संपली. आता भांडण.

ही गोष्ट मी चार मित्रांना सांगितली. चौघांनी मलाच शहाणपण शिकवलं. तुम्हीही शिकवणार हे माहीत आहे, म्हणून एकेकाला आधीच उत्तर देतो.

पहिला म्हणाला, "गाडीने आधी सूचना दिली असेल की." दिली होती! शनिवारी रात्री सामान भरतानाच स्क्रीनवर आलं होतं की १२ व्होल्टची बॅटरी लवकर बदला. मी म्हटलं, आईला सोडून आलो की बघू. चूक माझी, शंभर टक्के मान्य. बॅटरी चार वर्षं जुनी, वर जानेवारीची थंडी. थंडीत असली बॅटरी अजूनच मान टाकते हे मला शाळेपासून माहीत आहे. पण चुकीला शिक्षा काय असावी? बॅटरी संपली तर गाडी चालू होऊ नये, इथपर्यंत ठीक. सामान जप्त कशासाठी? बाबांच्या फियाटची बॅटरी दर पावसाळ्यात उतरायची. पण डॅशबोर्डखालचा खटका ओढला की बॉनेट उघडायचं. रोग झाला तरी डॉक्टरकडे जायचा रस्ता बंद नव्हता. माणूस विसरणार, आळस करणार, हे धरूनच वस्तू बनवायची असते. न चुकणाऱ्या माणसाला कुलूपही लागत नाही आणि दुसरी किल्लीही लागत नाही.

दुसरा म्हणाला, "पण उपाय होताच ना? चार मिनिटांत उघडली म्हणतोस." हो, होता, आणि राग त्याचाच जास्त येतो. उपाय नव्हता असं असतं तर मी म्हटलं असतं की जमलं नसेल बिचाऱ्यांना. उपाय ठेवला, तो बंपरच्या टोपणामागे लपवला, त्याची माहिती मेलेल्या स्क्रीनमध्ये ठेवली, आणि स्वतःच्या फोनवाल्या माणसांनाही सांगितली नाही. शिवाय त्या वायरींना वीज लागतेच, ती दुसऱ्याकडून मागून आणायची. त्या वायरींनी बॅटरी चार्ज होत नाही, फक्त खटका सुटतो. समोरच्या आजोबांच्या जागी तुम्ही हायवेवर रात्री एकटे असाल तर? गाडी विकताना मला चाळीस मिनिटं स्क्रीनवर गाणी कशी लावायची ते शिकवलं. दोन मिनिटं या टोपणासाठी काढता आली नसती?

तिसरा चोराचं कारण घेऊन आला. "आत-बाहेर दोरी ठेवली तर चोर उघडेल." बाहेर ठेवा असं म्हणतंय कोण? गाडीच्या आत ठेवा, किल्लीच्या पात्याने उघडणाऱ्या दारामागे. जो चोर दार उघडून आत बसला त्याला मागच्या सीटवरचं सगळं मिळालंच आहे. आणि चालत्या गाडीत चुकून दोरी ओढली जाईल म्हणत असाल, तर पुढे उघडणाऱ्या बॉनेटला दुसरी कडी असते. पहिली सुटली तरी ती अडवून धरते. आपल्या सगळ्यांच्या जुन्या गाड्यांत आहे, बोट घालून चाचपावी लागते ती.

चौथा म्हणाला, "तू म्हातारा झालास. नवीन गाड्या अशाच असतात." इथे मात्र मी थोडा अभ्यास केला. पुढे डिकी असणं हा प्रकार नवीन नाहीच. फोक्सवॅगनची बीटल घ्या. इंजिन मागे, डिकी पुढे. तिचं पुढचं झाकण आतून दोर ओढून उघडायचं, आणि बॅटरी कुठे होती? मागच्या सीटखाली! सीट उचला, बॅटरी समोर. ही गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची रचना, शेवटची बीटल २००३ मध्ये मेक्सिकोत बनली. एवढ्या वर्षांत बॅटरी मेली म्हणून कोणाचा डबा डिकीत अडकायचं कारण नव्हतं.

बरं, जुनं सोडा. २००४ ते २००९ ची टोयोटा प्रियस बघा. तिच्यातही हाच पेच होता. १२ व्होल्टची बॅटरी मागच्या डिकीत, आणि मागचं दार विजेवर उघडणारं. पण त्यांनी पुढच्या बॉनेटखाली फ्यूजच्या पेटीत वीज द्यायला वेगळी जागा ठेवली, आणि बॉनेट साध्या खटक्याचं ठेवलं. पोर्शेची ९११ घ्या, २००४ नंतर आलेली ९९७ पिढी. तिथे डिकी पुढे, बॅटरी त्याच डिकीत, कुलूप विजेचं. अगदी माझ्यासारखीच गत. पण किल्लीच्या पात्याने दार उघडून डाव्या बाजूला पायाशी फ्यूजची पेटी उघडली की एक लाल टर्मिनल बाहेर ओढता येतं. त्याला जंपर केबलचा लाल चिमटा लावायचा, काळा दाराच्या कुलपाच्या लोखंडी कडीला, आणि मग किल्लीवरचं डिकीचं बटण दाबायचं. (गाडी लॉक असेल तर भोंगा वाजतो. घाबरू नका.) इथेही बाहेरची वीज लागते, म्हणून मी याला पैकीच्या पैकी मार्क देणार नाही. पण निदान वाट गाडीच्या आत, कुलपामागे आहे.

म्हणजे हे न जमण्यासारखं काही नाही. एक दोर, एक खटका. गाडीच्या किमतीत त्याचा पत्ताही लागणार नाही. तो काढून टाकला कारण आत बसल्यावर सगळं गुळगुळीत दिसलं पाहिजे. शोरूममध्ये पाच मिनिटं छान दिसावं म्हणून बर्फात उभं राहायची वेळ आमच्यावर.

आणि हे फक्त डिकीपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. हाच रोग दारांनाही लागला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा खात्याने टेस्लाच्या २०२१ सालच्या मॉडेल वाय गाड्यांची चौकशी सुरू केली. (माझी गाडी ती नव्हे.) तक्रार अशी की कमी व्होल्टच्या बॅटरीने दगा दिला की बाहेरून दाराचे हँडल चालत नाही. पोरं आत, आईबाप बाहेर, आणि काही जणांना काच फोडून पोरं काढावी लागली. माझा पासपोर्टचा प्रसंग यापुढे काहीच नाही. पण मूळ एकच. कुलूप उघडायला जे लागतं, ते संपलं तर काय, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

"तू ओरडून काय होणार?" असं बायको विचारते. तिला मी जॅनेट फेनेलची गोष्ट सांगितली. १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चोरांनी या बाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला त्यांच्याच गाडीच्या डिकीत कोंडलं. अंधारात अस्तर ओरबाडून त्यांना खटक्याची केबल सापडली म्हणून ते सुटले. त्यानंतर बाईंनी हा विषय सोडला नाही. डिकीत आतून उघडायची सोय पाहिजे म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आणि १ सप्टेंबर २००१ पासून अमेरिकेत डिकीवाल्या नव्या प्रवासी गाड्यांना आत अंधारात दिसेल अशी सुटकेची मूठ सक्तीची झाली. इथे नव्या गाडीची डिकी उघडून बघा, आत ती चमकणारी मूठ दिसेल. मोटारकंपन्यांना आधीही ती मूठ लावता आली असती. कोणीतरी मागे लागावं लागलं.

आत अडकलेल्या माणसासाठी नियम झाला. बाहेर अडकलेल्यासाठी मी मागतोय ते त्याहून साधं आहे. डिकीला गाडीच्या आतून ओढायचा एक साधा दोर द्या. ते नसेल तर निदान धाकट्या बॅटरीला वीज द्यायची जागा बंद डिकीबाहेर ठेवा. आणि वीज नसताना काय करायचं याचा एक छापील कागद, सन व्हायझरला चिकटवून द्या. (कप्प्यात नको. कप्पा उघडत नाही!)

हे होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्यापैकी ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी एवढं आजच करा. जंप स्टार्टर डिकीतून काढून मागच्या सीटखाली नाहीतर घरात ठेवा. पुस्तिकेतलं ते पान छापून घ्या आणि दिवसाउजेडी टोपण काढून वायरी बघून ठेवा. प्रत्येक गाडीचं वेगळं असतं; काहींत वायरी असतात, काहींत चाकाच्या वरच्या अस्तरामागे दोर असतो, म्हणून आपल्या गाडीचंच बघा. बॅटरी बदला अशी सूचना आली तर माझ्यासारखं 'नंतर बघू' म्हणू नका. पासपोर्ट, औषधं, किल्ल्या यांना त्या डिकीत अजिबात ठेवू नका. आणि पुण्या-मुंबईची मंडळी, तिकडेही आता पुढे डिकी असलेल्या विजेच्या गाड्या येतात. घ्यायला जाल तेव्हा विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "बॅटरी पूर्ण मेली तर हे कसं उघडायचं? आत्ता उघडून दाखवा." तो स्क्रीनकडे बोट दाखवायला लागला तर चहा पिऊन घरी या.

आई सुखरूप पोचली. संक्रांत झाली, तिळगूळ झाला, सगळ्या गल्लीला माझ्या गाडीची गोष्ट सांगून झाली. परवा फोनवर मी तिला विचारलं, घरच्या गोदरेजच्या कपाटाची किल्ली सापडली का गं? चार महिने घर बंद होतं ना. ती म्हणाली, "एक माझ्याकडेच होती. दुसरी शेजारच्या काकूंकडे असते, ती चाळीस वर्षं तिथेच आहे. अरे, दुसरी किल्ली कपाटात ठेवतात का कोणी?"